खालाच्या कानात शिसं

फकीरमहंमद सारंगांना राग आला की ते तोंडाने काही बोलत नसत, भाता जोरात ओढत. दूधबाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं कल्हईचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर एक फळी, जमिनीत खणलेली भट्टी, चामड्याचा भाता आणि डोक्यावर एक पत्रा, जो ऊन अडवायचा पण पाणी अडवायचा नाही. भट्टीतल्या ठिणग्या रस्त्यापर्यंत उडायला लागल्या की शेजारचा सुपारीवाला म्हणायचा, "आज चाचांचं कुणाशी तरी बिनसलंय." सन त्र्याऐंशीच्या दिवाळीपासून ठिणग्या रोजच उडत होत्या, आणि का उडत होत्या हे साऱ्या जुन्या नाशकाला ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक असायला हवं होतं ते मात्र कचेरीत पंख्याखाली बसून सह्या करत होते.

चाचांचं घराणं मूळचं कोकणातलं, खाडीकाठचं. सारंग हे नुसतं आडनाव नव्हे, तो हुद्दा. जहाजावरच्या खलाशांचा जो मुखिया तो सारंग. पण ही झाली पणजोबांच्याही आधीची गोष्ट. फकीरचाचांनी स्वतः समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही कुणाच्या तरी लग्नाच्या वऱ्हाडात, आणि पाहून एवढंच म्हणाले होते की पाणी फार आहे. त्यांचा सगळा जन्म तांब्या-पितळेची भांडी तापवण्यात, त्यांवर नवसागर टाकण्यात आणि कथलाचा पातळ थर कापसाच्या बोळ्याने फिरवण्यात गेला. सत्तर सालापर्यंत धंदा बरा होता. मग घरोघर स्टीलची भांडी आली, आणि चाचांकडे फक्त जुनी माणसं आणि जुनी पातेली येऊ लागली. त्याबद्दल मात्र त्यांनी कधी भाता जोरात ओढला नाही. स्टील स्वस्त आहे, लोक घेणारच, असं म्हणून ते गप्प बसायचे.

समुद्राची एकच वस्तू घराण्याकडे उरली होती. ती घरात मावण्यासारखी नव्हती म्हणून नदीकाठच्या टेकाडावर, पिराच्या चबुतऱ्याशेजारी ठेवलेली असायची. ती एक तोफ होती. पुरुषभर लांबीची, पाच धातू मिसळून ओतलेली, पंचरसी, तोंडाशी कमळाच्या पाकळ्या कोरलेली. पाठीवर फारसी अक्षरांत 'या फत्ताह' असं देवाचं एक नाव, म्हणजे वाट उघडून देणारा. मोहल्ल्यातले लोक तिला खाला म्हणत. पलीकडच्या आळीतल्या बायका मावशी म्हणत, आणि अर्थ एकच असल्यामुळे त्यावरून कधी कुणाचं भांडण झालं नाही.

घरात चालत आलेली गोष्ट अशी की ही तोफ एका गुराबेवर, म्हणजे लढाऊ गलबतावर, होती, मराठ्यांच्या आरमारातल्या. खाडीच्या तोंडाशी फिरंग्यांची तीन जहाजं अंगावर आली तेव्हा हिने एकाचं शीड पाडलं, दुसऱ्याला पळवून लावलं, आणि तिसऱ्याचं काय झालं ते सांगणाऱ्याच्या त्या दिवशीच्या मर्जीवर असायचं. पुढे आरमार मोडलं. खलाशी जिकडे पोट भरेल तिकडे गेले. सारंगांच्या कुणा एका पूर्वजाने म्हणे सहा बैल जोडून ही तोफ घाटावर आणली. बाकीच्यांनी घाटावर येताना भांडीकुंडी आणली, ह्याने तोफ आणली, त्यावरून घराण्यात डोकं किती आहे ते समजावं, असं चाचांची बायको हलीमाबी म्हणायची.

वर्षभर खाला गप्प असे. रमजान लागायच्या आधी, शाबान महिन्याच्या शेवटी शेवटी, चाचा तिला आंघोळ घालत. चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेऊन ते तिला तोंडापासून बुडापर्यंत घासत. मग उताणे होऊन तिच्या पोटाखाली शिरत आणि तिथेही घासत. पोटाखाली एक ओळ कोरलेली होती, गळासारख्या आकड्या-आकड्यांची, वेलीसारखी. ती फारसी नव्हती, नागरीही नव्हती. चाचांचे वडील म्हणायचे, "ही आपली सनद आहे, हिला नीट जप." कुठली सनद, कुणी दिली, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. चाचा ती ओळ जपून, बोटाच्या टोकाने साफ करायचे.

आणि मग महिनाभर रोज संध्याकाळी, रोजा सोडायच्या घडीला, खाला बोलायची. तीन ओंजळी दारू, वर काथ्याचा बोळा, आणि बुडाशी जे बत्तीचं भोक असतं त्यात चिमूटभर रंजक, म्हणजे पेट घ्यायची बारीक दारू. त्या भोकाला तोफेचा कान म्हणतात. गोळा त्या नळीत दीडशे-दोनशे वर्षांत गेला नव्हता, नुसता आवाज. वेळ सांगायचं काम सहादूचं. सहादू रेल्वेत मनमाडला खलाशी होता. पाण्यात कधी उतरला नाही, पण हुद्दा खलाशी, त्यामुळे चाचांनी त्याला पहिल्याच दिवशी आपला माणूस ठरवून टाकलं होतं. निवृत्त होऊन तो नाशकातल्या बौद्ध वस्तीत राहायला आला आणि चाचांच्या फळीवर रोज बसू लागला. त्याचं रेल्वेचं घड्याळ सेकंदाला पक्कं. मशिदीचं वेळापत्रक डाव्या हातात, घड्याळ उजव्या हातात, आणि काटा आला की सहादू म्हणायचा, "चाचा, गाडी सुटली!"

पण त्याच्या आधी एक गोष्ट व्हायची. बत्ती द्यायच्या आधी चाचा वाकून तोफेच्या कानाशी तोंड न्यायचे आणि काहीतरी बोलायचे. ही त्यांच्या घराण्याची रीत. जहाजावर धुराने काही दिसत नाही, आपलं गलबत कुठलं नि परक्याचं कुठलं हे तोफेला कळत नाही, म्हणून गोळंदाजाने बत्तीआधी तिच्या कानात सांगायचं की समोर कोण आहे. नाशकात कुठली आली गलबतं? समोर नदी, घाट, देवळांचे कळस, धुणं वाळत घातलेल्या गच्च्या. तेव्हा चाचा दर संध्याकाळी एकच वाक्य सांगायचे.

"खाला, समोर सगळे आपलेच आहेत. नुसती हाक मार."

मग धडाड् व्हायचं. मोहल्ल्यात खजूर तोंडात जायचे. आणि पलीकडच्या आळीत गोदावरीकाकू, यात्रेकरूंच्या उपाध्यायांच्या घरातली मोठी सून, तुळशीपुढे दिवा लावायच्या. रमजानचा महिना असला की त्यांचं घड्याळ तेच. "मावशी बोलली गं, दिवा लावा," असं त्या चार घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायच्या. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

एक्क्याऐंशी साली एक नवे साहेब आले. कुठल्या कचेरीत, ते सांगण्यात अर्थ नाही, कचेऱ्या सगळ्या सारख्याच. कुणीतरी साहेबांचे कान भरले, आणि साहेबांनी तोफेचा कान भरायचा हुकूम काढला. रमजान आठ दिवसांवर असताना चाचांच्या फळीवर नोटीस आली. विनापरवाना चालू स्थितीतील तोफ बाळगल्याबाबत. सहादूने ती वाचून दाखवली.

"बाळगल्याबाबत?" चाचा म्हणाले. "मी तिला बाळगतो, का ती मला बाळगते? पोरगा आहे का मी पिस्तूल खिशात घालून फिरणारा?"

"परवाना काढा म्हणतात."

"कुणाच्या नावाचा काढू? माझ्या पणजोबाच्या? त्यांना बोलावतात का सहीला?"

चाचा कचेरीत तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर होते, दुसऱ्यांदा मिटिंगमध्ये होते, तिसऱ्यांदा हजर होते पण भेटले नाहीत. चौथ्या दिवशी कचेरीचे दोन शिपाई आपणहून दुकानावर आले. चाचांना वाटलं, काहीतरी मार्ग निघाला. त्यांनी फळी पुसली, चहा सांगितला. शिपाई म्हणाला, "चाचा, तुम्ही शिसं वितळवता ना? नदीवरच्या त्या तोफेच्या भोकात ओतायचंय. साहेबांचा हुकूम आहे, निकामी करायची. मजुरी मिळेल."

त्या शिपायाला ठाऊक नव्हतं की तोफ कुणाची. त्याला फक्त एक कल्हईवाला हवा होता. ह्याचीच तर चीड येते! नोटीस काढणाऱ्याला तोफ कुणाची ते कळलं, पण तिचा कान भरायला कुणाला पाठवावं, आणि कुणाकडे पाठवू नये, एवढी साधी माणुसकी त्या फाइलीत कुठे नव्हती.

चाचा भाता ओढायला गेले नाहीत. पहिल्यांदाच ते तोंडाने बोलले. "चाळीस वर्षं जिनं माझं ऐकलं, तिच्या कानात मी शिसं ओतू? निघा इथनं. चहा पिऊन निघा, पण निघा."

शिपायांनी चहा प्यायला आणि दुसऱ्याच दिवशी नाशिक रोडहून एक वेल्डिंगवाला आणला. भर दुपारी, टेकाडावर, पन्नास माणसांच्या देखत खालाच्या कानात शिसं ओतलं गेलं. ते आत उतरताना चर्र झालं, आणि मग काहीच नाही. गोदावरीकाकू गच्चीवरून बघत होत्या. चाचा बघायला गेले नाहीत. ते फळीवर बसून राहिले आणि सहादू शेजारी.

"चाचा," सहादू म्हणाला, "कानात शिसं ओतायची रीत आपल्याकडं लय जुनी हाय. ऐकू नये त्यानं ऐकलं की ओतायचं. आमच्या बापजाद्यांना विचारा."

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं. "तिनं काय ऐकलं होतं पण? समोर सगळे आपलेच आहेत, एवढंच ना?"

"मंग त्येच तर नाय ऐकू द्यायचं!" सहादू म्हणाला. त्याला असा चिडलेला कुणी पाहिला नव्हता.

त्या रमजानात मशिदीवर भोंगा बसला. रोजा भोंग्यावर सुटू लागला. दोन वर्षं खाला टेकाडावर मुकी पडून होती. तरी शाबानात चाचा तिला आंघोळ घालतच होते, कारण मुकी झाली म्हणून मावशीला कुणी आंघोळ घालायचं सोडत नाही.

मग त्र्याऐंशीत सुशोभीकरण आलं. सुशोभीकरण म्हणजे काय, तर एका ठिकाणची वस्तू उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवायची, भोवती मेंदी लावायची आणि फीत कापायची. दसरा झाला आणि कचेरीच्या फाटकाशी नव्या बागेत, सिमेंटच्या दोन ठोकळ्यांवर खाला आडवी झाली. वर हिरव्या पत्र्याचा बोर्ड, त्यावर पांढरी अक्षरं. चाचांना उर्दू फाडफाड वाचता यायचं, मराठी मात्र अक्षराला अक्षर जोडून. त्यांनी बोर्डापुढे उभं राहून जोडलं. श-त्रू-च्या. ग-ल-ब-ता-व-री-ल. तो-फ.

'शत्रूच्या गलबतावरील तोफ.'

चाचांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. अक्षरं तीच राहिली. आता बघा, मुकी केली होती ते एकवेळ समजू, साहेबांना आवाज सोसला नसेल. उचलून नेली, तेही समजू. पण शत्रूची? ज्या तोफेने ह्या मुलुखाचं पाणी राखलं ती शत्रूची? मग ती डागणारे कोण झाले? आणि सहा बैल जोडून तिला घाटावर आणणाऱ्याच्या वंशातला, जुन्या नाशकातल्या निम्म्या घरांच्या पातेल्यांना कल्हई करणारा, हा म्हातारा कोण झाला? एका शब्दाने सात पिढ्या उचलून खाडीच्या पलीकडे नेऊन ठेवल्या, आणि वर फीत कापून पेढे वाटले!

बोर्डाचा मजकूर कुणी लिहिला, हे शोधायला फार फिरावं लागलं नाही. कचेरीतले हेडक्लार्क वेणीमाधव, म्हणजे गोदावरीकाकूंचे थोरले चिरंजीव. घरी उपाध्येपणाची पोथ्या-चोपड्यांची परंपरा, म्हणून चाचा त्यांना गुरुजीच म्हणत, इतिहासाची आवड, अक्षर वळणदार, निवृत्तीला दोन वर्षं. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

"फकीरचाचा, रागावू नका," वेणीमाधव म्हणाले. "तोफेच्या पाठीवर फारसी अक्षरं आहेत. मराठ्यांच्या तोफेवर फारसी कशी असेल? तेव्हा ती शत्रूकडून आलेली, हे उघड आहे."

"उघड आहे?" चाचांचा हात भाता शोधत होता, पण कचेरीत भाता कुठला? "गुरुजी, तोफ हा शब्द कुठला आहे? हुकूम कुठला? अर्ज कुठला? बाहेर बसलाय तो शिपाई, तुम्ही फाइलवर मारता तो शेरा, खाली घालता ती तारीख, हे सगळं कुठलं आहे? काढा बघू एकेक बाहेर! तुमच्या टेबलावर दौतसुद्धा राहायची नाही."

वेणीमाधव जरा हसले. मग गंभीर झाले. "ते ठीक आहे. पण पुरावा लागतो, चाचा. लेखी."

"आहे ना! तिच्या पोटाखाली लिहिलंय. मला वाचता येत नाही. तुम्ही या, वाकून बघा."

"बघतो कधीतरी."

"आत्ता चला. वीस पावलं आहेत."

वेणीमाधवांनी फाइलींच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आपल्या इस्त्रीच्या पँटीकडेही पाहिलं. तोफेचं पोट जमिनीपासून दीडेक हात वर होतं. खालचं बघायचं तर गुडघे टेकून, मान तिरकी करून, साहेबांच्या खिडकीसमोर मातीत लोळायला हवं. "बघतो म्हटलं ना," ते म्हणाले.

आठ वेळा चाचा गेले. आठही वेळा 'बघतो' झालं. कुणी वाकायला तयार नव्हतं. लिहायला सगळे तयार, वाकायला कुणी नाही! शेवटी चाचांनी ठरवलं की हे लोक वाकत नाहीत तर आपणच पोट वर आणू. त्यांनी घरातलं एक तांब्याचं ताट घेतलं, भट्टीवर धरलं आणि त्याला अशी कल्हई केली की सहादूला त्यात आपल्या मिशीतले पांढरे केस मोजता आले. ते ताट त्यांनी तोफेखाली, त्या ओळीच्या बरोबर खाली, ठेवून दिलं. दुपारचं ऊन तिरकं आलं की ताट ते वर फेकायचं, पोट उजळायचं, आणि ती आकड्यांची ओळ जाणाऱ्या-येणाऱ्याला थोडं डोकं खाली घातलं तरी दिसायची.

तिसऱ्या दिवशी ताट गायब. बागेच्या रखवालदाराने सांगितलं, "बेवारस वस्तू होती, जमा केली." चाचांनी दुसरं ठेवलं. तेही जमा. तिसरं, चौथं. हलीमाबी म्हणाली, "आता जेवायचं पानावर का?" चाचा म्हणाले, "पानावर." आणि पाचवं ताट कल्हईला घेतलं.

ही गोष्ट फिरत फिरत गोदावरीकाकूंच्या कानावर गेली. काकूंचं वय तेव्हा पंचाहत्तर. कंबरेतून काटकोनात वाकलेल्या, काठीशिवाय चालता येत नव्हतं. एका दुपारी त्या नातसुनेला, उत्तराला, बरोबर घेऊन बागेत हजर झाल्या. चाचा आणि सहादू पाचवं ताट राखत तिथेच बसले होते.

"कुठंय रे फकीरा, ती ओळ?" काकू म्हणाल्या. "मला वाकायला लागत नाही. मी वाकलेलीच आहे."

त्या काठी टेकत तोफेखाली डोकं घालून उभ्या राहिल्या. आधी ताटात पाहिलं. "हे उलटं दिसतंय," म्हणाल्या, आणि मान वर वळवून चष्मा नाकावर दाबला. मग एकदम हसल्या. "अरे, ही तर मोडी! आमच्या घरच्या चोपड्यांसारखी. सासऱ्यांनी शिकवली मला, यात्रेकरूंची नावं उतरून घ्यायला."

त्या बोटाने चाचपत वाचू लागल्या. "श्री. सरकार... आरमार. हवाला..." इथे त्या थांबल्या. पुन्हा बोट फिरवलं. "हवाला अलीमहंमद सारंग. म्हणजे तोफ ह्याच्या ताब्यात."

चाचा आधीच बसलेले होते, ते अजून खाली बसले. वडिलांच्या हाताखाली असल्यापासून, पन्नास वर्षं, ज्या ओळीला ते चिंच लावत होते, त्या ओळीत त्यांचं आडनाव होतं. त्यांचे वडील त्याला सनद म्हणत मेले, न वाचता. चाचा रडले. रागाने रडले, का आनंदाने, हे सहादूला सांगता आलं नाही. त्याने नुसता खांद्यावर हात ठेवला.

काकूंनी त्या रात्री मुलाला जेवताना सांगितलं. वेणीमाधव घास हातात धरून बसले. मग म्हणाले, "आई, बोर्ड मंजूर झालाय. उद्घाटन झालंय. आता एक शब्द बदलायचा तरी फाइल वरपर्यंत जाते. विचाराधीन ठेवतो." काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या.

सकाळी रखवालदाराने पाचवं ताट जमा केलं होतं. त्या जागी दहा वाजता एक परात आली. मोठी, तांब्याची, काकूंच्या लग्नातली, आणि तिच्या काठावर, जशी जुन्या भांड्यांवर असतात तशी, नावाची अक्षरं ठोकून काढलेली. 'सौ. गोदावरी' आणि पुढे घराण्याचं पूर्ण नाव. ती कल्हई करायला म्हणून उत्तराने पहाटेच दुकानावर आणून दिली होती, आणि चाचांनी ती झळाळून परत केल्यावर काकूंनी ती थेट बागेत पाठवली.

परात एक दिवस राहिली. दोन दिवस राहिली. आठ दिवस राहिली. रखवालदार तिला रोज फडक्याने पुसायचासुद्धा. चाचांनी त्याला विचारलं, "हिला जमा नाही करत?"

"नाव आहे ना वर," रखवालदार म्हणाला. "नाव असलेली वस्तू बेवारस कशी म्हणायची? हेडक्लार्क साहेबांच्या घरची आहे."

बस्स. एवढंच वाक्य. चाचा तिथून सरळ कचेरीत गेले, चिठ्ठी न पाठवता, शिपायाला न विचारता, वेणीमाधवांच्या टेबलापुढे उभे राहिले. चौऱ्याऐंशीचा उन्हाळा होता, सगळे पंखे घरघरत होते, आणि तरीही त्यांचा आवाज शेवटच्या टेबलापर्यंत गेला.

"गुरुजी, तुमच्या आईच्या परातीवर नाव आहे. म्हणून ती परात तुमची आहे. चोर तिला हात लावत नाही, रखवालदार तिला पुसतो. माझ्या खालाच्या पोटावर नाव आहे. माझ्या घराण्याचं. तुमच्याच सरकारनं, तुमच्याच लिपीत ठोकलेलं. ती का माझी नाही? ती का तुमचीसुद्धा नाही? परातीला एक न्याय आणि तोफेला दुसरा? नाव असून ती शत्रूची?"

टाइपरायटर थांबले. साहेबांच्या खोलीचा पडदा हलला. वेणीमाधवांनी पेनाला टोपण लावलं, उठले, आणि कुणाशी न बोलता बाहेर पडले. बागेत आले. इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट. साहेबांच्या खिडकीसमोर त्यांनी गुडघे टेकले, हात टेकले आणि मातीत उताणे झाले. परातीतलं ऊन त्यांच्या तोंडावर आलं. ते वाचत होते. एका ओळीला जेवढा वेळ लागावा त्याच्यापेक्षा फार जास्त वेळ ते तसेच पडून होते.

उठल्यावर म्हणाले, "चाचा, चिंच आणि राख आहे?"

"त्यानं रंग निघत नाही, गुरुजी. थांबा." चाचांनी सहादूला दुकानावर पिटाळलं. सहादू खरवडणी आणि रॉकेलचं फडकं घेऊन आला. शिडी माळ्याची. वेणीमाधवांनी शिडी धरली आणि चाचा वर चढले. भर दिवसा, अर्धी कचेरी फाटकात जमलेली, आणि एक कल्हईवाला पातेल्याचं जळकं बूड घासावं तसा एक शब्द घासत होता. खालून कुणीतरी ओरडलं की सरकारी मालमत्ता आहे. "भांडं माझं, घाण तुमची," चाचा वळूनही न बघता म्हणाले. "घासतो मीच."

शब्द गेला. मागे पत्र्याचा चकचकीत तुकडा राहिला. चाचा उतरले आणि ब्रश वेणीमाधवांच्या हातात दिला. "आता तुम्ही. ज्या हातानं ते लिहिलंत त्याच हातानं."

वेणीमाधव शिडीवर चढले. एका हाताने शिडी धरलेली होती, त्यामुळे त्यांचं ते वळणदार अक्षर जरा वाकडं आलं. पण आलं. 'आपल्या गलबतावरील तोफ.'

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क वेणीमाधव यांना मेमो मिळाला. शासकीय फलकावरील मजकुरात विनापरवानगी फेरफार केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. दोन वर्षांवर निवृत्ती, पुढे पेन्शन, सगळं त्या कागदावर टांगलेलं. त्यांनी तीन दिवस घेतले नाहीत. त्याच टेबलावर, त्याच पेनाने, त्यांनी खुलासा लिहिला, आणि संध्याकाळी त्याची नक्कल दूधबाजारात फळीवर आणून ठेवली. सहादूने चाचांना वाचून दाखवली.

'सदर शब्द मी लिहिला आहे. त्याआधीचा शब्दही मीच लिहिला होता, आणि तो खोटा होता. तेव्हा माझ्याकडे कुणीही खुलासा मागितला नाही. तो का मागितला नाही, याचा खुलासा व्हावा.'

चाचांनी तो दोनदा वाचून घेतला. सहादू खूश होऊन मांडीवर थाप मारत होता. वेणीमाधव फळीच्या कडेला, पहिल्यांदाच, बसले होते. कुणीतरी चहा सांगितला. चाचांनी कागदाची घडी करून कमरेला खोचली आणि वेणीमाधवांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्या वर्षीचा रमजान आठवड्यावर आला होता.

"बोर्ड झाला, गुरुजी," ते म्हणाले. "तुमचे उपकार आहेत. पण समोर सगळे आपलेच आहेत, हे मी तिला आता सांगू कुठल्या कानात?"

चाचांनी भात्याची दोरी हातात घेतली आणि ओढायला सुरुवात केली.